टायमिंग सर्वांत शेवटी

बाबांची येझदी 250 मोटरसायकल अजून आमच्या घरी रोजच्या वापरात आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून जावा बनू लागली, 1973 पासून ती येझदी या नावाने विकली गेली आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. माझ्या लहानपणी सिंदेवाहीत पेरणीच्या दिवसांत धानाचं बियाणं याच गाडीवरून बांधीपर्यंत जायचं. आता अशा गाड्या मोजक्या उरल्या आणि त्यांच्यावर हात बसलेले मिस्त्रीही. म्हणून आमच्या गाडीच्या टायमिंगमधला दोष कसा सापडला ते सविस्तर लिहितो आहे.

गाडी थंड असताना पहिल्या किकला चालू व्हायची. सिंदेवाहीहून मूल गावाच्या दिशेने निघालं, की राजोली येईस्तोवर इंजिन तापायचं, ओढ कमी व्हायची आणि सायलेन्सरमधून फटाके वाजू लागायचे. थांबवून पुन्हा सुरू करायला जावं, तर किक कधीकधी उलटी पायावर यायची. हा रस्ता जंगलातून जातो आणि आमच्या भागात वाघाचा वावर नेहमीचा. सांजवेळी इथे गाडी बंद पडून चालत नाही.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन अगदी वर पोहोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते, कारण पेट्रोलची वाफ पूर्ण पेटायला वेळ लागतो. या गाडीत पिस्टन साधारण तीन मिलिमीटर खाली असताना ठिणगी पाडतात. इंजिन मिनिटाला 4,000 फेरे घेत असेल, तर ते अंतर कापायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. ठिणगी उशिरा पडली, तर जाळ सायलेन्सरकडे निघून जातो, ओढ मरते, फटाके वाजतात. लवकर पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा धक्का बसतो आणि किक परतते.

माझ्या गाडीत दोन्ही लक्षणं होती. तेच कोडं होतं.

प्लग बदलला. कॅप आणि वायर तपासली. पॉइंट उघडले की प्लगला ठिणगी पडते. ते उघडताना त्यांच्यामध्येच मोठी पिवळी ठिणगी दिसत होती, म्हणजे कंडेन्सर गेलेला. तोही नवा घातला. पॉइंट घासून साफ केले, गॅप 0.4 मिलिमीटर ठेवला आणि टायमिंग लावलं. गाडी सुरेख चालली. थोड्याच दिवसांत तक्रार परत आली. पॉइंटचा फायबर झिजला की गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडू लागते, हे ठाऊक होतं. पण इथे फायबर नवा होता आणि झीज एवढ्या लवकर होणं शक्य नव्हतं.

गावातले एक म्हातारे मिस्त्री पाहायला आले. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. म्हणाले, "टायमिंग राहू द्या जी. आधी शाफ्ट हालते का पाहा."

उजवीकडचं कव्हर काढलं. या गाडीत क्रँकच्या उजव्या टोकालाच डायनॅमोचा रोटर बसतो आणि पॉइंट उघडणारा कॅमही त्याच टोकावर फिरतो. मी पॉइंट पूर्ण उघडे राहतील असं इंजिन फिरवलं आणि मध्ये फिलर गेजची पात घातली. ती नीट घट्ट सरकत होती. मिस्त्रींनी रोटर बोटांनी वर उचलला, तशी पात सैल पडली. खाली दाबला, तर पात अडकली. इंजिन जागेवर, पॉइंट जागेवर, आणि तरी गॅप बदलत होता! डायनॅमोच्या आत तेलाचा ओशट थरही होता.

दोन्ही लक्षणांचं उत्तर तिथेच मिळालं. उजवं बेअरिंग झिजलेलं. क्रँक थरथरत फिरत असल्याने कॅम पॉइंटला कधी लवकर उघडायचा, कधी उशिरा. बाजूचं ऑइल सीलही गेलेलं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं. तिथे सीलमधून बाहेरची हवा शिरली, की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं.

मग इंजिन उतरवलं, क्रँककेस उघडला, क्रँक नागपूरला लेथवर सरळ करून आणला. बेअरिंग आणि सील नवी घातली. त्यानंतरच टायमिंगला हात लावला. आधी गॅप, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. पॉइंटच्या वायरीपासून बॉडीपर्यंत सहा व्होल्टचा बल्ब जोडला आणि प्लगच्या भोकातून व्हर्नियरची दांडी सोडली. पिस्टनचं सर्वांत वरचं टोक शोधून इंजिन उलट दिशेने बरंच मागे नेलं आणि मग चालत्या दिशेने हळूहळू पुढे आणलं, म्हणजे मधली ढील मोजमापात येत नाही. पिस्टन तीन मिलिमीटर खाली असताना बल्ब पेटला पाहिजे, कारण त्याच क्षणी पॉइंट उघडतात. प्लेट किंचित फिरवून तो क्षण जुळवला आणि स्क्रू आवळले. मिस्त्रींनी पुन्हा रोटर उचलून पाहिला. बल्ब हलला नाही.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना मनापासून सांगतो. लावलेलं टायमिंग टिकत नसेल, तर ते पुन्हापुन्हा लावत बसू नका. प्लग, कंडेन्सर, पॉइंट आणि मग रोटर हाताने हलवून बेअरिंग, या क्रमाने पाहा. रोटर उचलून पाहायला खर्च काही नाही आणि तपासणी पाच मिनिटांची आहे. शाफ्ट ढिली असेल, तर टायमिंगचा स्क्रू कितीही आवळा, ते टिकणार नाही. या गाड्या अजून कितीतरी वर्षं चालू शकतात. त्यांना आधी तपासणारा माणूस हवा.