चढ, सपाटी आणि टाचेमागची शीर

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं, त्यामुळे पायांना दोन्ही जमिनी ठाऊक आहेत. सातारा अजिंक्यताऱ्याच्या कुशीतलं. दूध आणायला निघालं तरी वाटेत एक चढ आणि एक उतार ठरलेला. सांगलीत कृष्णेनं गाळ पसरून सगळं सपाट करून ठेवलंय. पहाटे हरिपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात श्वासाला लय सापडते आणि संगमेश्वराचं देऊळ येईपर्यंत ती मोडत नाही. टाचेमागची शीर दुखायला लागली, की या दोन गावांतला खरा फरक कळतो.

ही शीर म्हणजे घोडनस. धावणारी मंडळी तिला सरळ ‘अकिलीस’ म्हणतात. पोटरीचे स्नायू खाली उतरत एकत्र येतात आणि या शिरेनं टाचेच्या हाडाला घट्ट धरतात. अंगातली सगळ्यात जाड आणि बळकट शीर ती हीच. धावताना दर पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या ६ ते ८ पट ताण येतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या बाईची ही एवढीशी शीर चारशे किलोच्या आसपास भार झेलते, तो साठवते आणि उसळी मारून परत देते. मला याचं फार अप्रूप वाटतं. आपल्या मोहीच्या ललिता बाबरनं २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. दर उडीनंतर एका पायावर उतरायचं आणि त्याच पावलात पुढं झेपावायचं. माणदेशातल्या त्या पोरीच्या टाचांनी काय काय पेललं असेल!

चढावर या शिरेची परीक्षा दुप्पट होते. पायाखालचा रस्ताच कललेला, त्यामुळे टाच चवड्यापेक्षा खाली राहते. शीर आधीच ताणलेली, आणि त्या ताणातच तिला अख्खं अंग वर ढकलायचं असतं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते. पावसाळा सरत आलेला असतो, यवतेश्वरच्या घाटात ढग उतरलेले असतात, आणि हजारो माणसं तो घाट चढून परत येतात. सपाटीवर सराव केलेली सांगलीकडची मंडळी दमसासात कमी पडत नाहीत. त्यांची पोटरी बोलते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उतरताना शीर आखडलेली असते. घरात दोन फेऱ्या मारल्या की ती सैल होते, म्हणून माणूस बरं वाटलं असं समजून पुन्हा धावायला जातो. त्या पहिल्या पावलांची आखड रोज लक्षात ठेवावी. कालचं धावणं झेपलं की नाही, ते तिच्याइतकं खरं दुसरं कुणी सांगत नाही.

बूट घ्यायच्या आधी दुखतं कुठं ते नीट शोधावं. खुर्चीत बसून पाय गुडघ्यावर घ्यायचा, शीर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची आणि पोटरीकडून सावकाश खाली यायचं. हाडाच्या वर २ ते ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात कळ आली तर दुखणं शिरेच्या मधल्या भागाचं. तिथं रक्तपुरवठा मुळात कमी, म्हणून ते रेंगाळतं. चिमूट अगदी खाली, हाडाला टेकल्यावर कळ आली तर दुखणं शीर हाडाला चिकटते तिथलं. दोन्ही दुखण्यांचे बूट वेगळे.

दुकानात सगळे रंग आणि किंमत बघतात. आपण बघायचा तो टाचेखालच्या आणि चवड्याखालच्या जाडीतला फरक. टाचेखाली ३४ मिलिमीटर आणि चवड्याखाली २४ असेल, तर टाच १० मिलिमीटर उचललेली आहे. नेहमीच्या धावण्याच्या बुटांत हा फरक ८ ते १२ असतो, काहींत ४, काहींत शून्य. टाच उचललेली असली की शिरेवरचा ताण थोडा हलका होतो, म्हणून दुखऱ्या दिवसांत १०-१२वाला बूट बरा. मात्र तो भार काही प्रमाणात गुडघ्याकडे सरकतो. गुडघा आधीच कुरकुरत असेल तर ८वर थांबावं. नुसता जाडजूड तळवा पाहून भुलू नये. मागून पुढून सारखाच जाड असलेला बूट टाच अजिबात उचलत नाही.

हाडापाशी दुखत असेल तर आणखी एक गोष्ट. बुटाची मागची बाजू अंगठ्यानं दाबून बघावी. काही बूट तिथं पुठ्ठ्यासारखे कडक असतात आणि नेमक्या दुखऱ्या जागी घासतात. कड मऊ, भरलेली आणि वरच्या टोकाला किंचित मागं वळलेली हवी. टाच आत वर-खाली सरकत असेल तर नाडी शेवटच्या जादा भोकांतून ओवून घट्ट करावी, नाहीतर दुसरा बूट मागावा. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

अनवाणी धावण्याचं कौतुक करणारे अबेबे बिकिलाचं नाव घेतात. १९६०ला रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन तो अनवाणी जिंकला हे खरंच. पण १९६४ला टोकियोत तोच बूट घालून जिंकला. शिरेला सोसत नाही तो अचानक बदल. आपल्याकडं तर तिची सवय आणखी वेगळी. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या आपली टाच सपाट चामड्यावर टेकलेली. निरोगी शिरेला त्यात काही वावगं नाही. पण दुखरी शीर सकाळी तासभर उंच टाचेच्या बुटात आणि उरलेला दिवस स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर, ओट्याशी अनवाणी, असं चालत नाही. बायकांनी हे विशेष मनावर घ्यावं. घरात वापरायला थोड्या उंच टाचेची एक मऊ चप्पल वेगळी ठेवावी; देवघर सोडून बाकी घरात तिला मज्जाव नको.

ऑस्ट्रेलियात मधल्या भागाच्या दुखण्याच्या १०० माणसांवर झालेला एक अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बुटात टाचेखाली ठेवायच्या साध्या गाद्यांनी १२ आठवड्यांत पोटरीच्या व्यायामापेक्षा जास्त आराम दिला. त्यामुळे नवा बूट परवडत नसेल तर गादीची जोडी घ्यावी, आणि दोन्ही पायांत घालावी. तरीही व्यायाम सोडू नये. स्वीडनच्या हाकान अल्फ्रेडसन यांनी १९९८मध्ये १५ हौशी खेळाडूंवर तो आजमावला होता. पायरीच्या कडेवर चवडे टेकायचे, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या पायानं टाच सावकाश खाली सोडायची. १५ वेळा, असे ३ फेरे; गुडघा ताठ ठेवून आणि वाकवूनही; सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. हाडापाशी दुखणाऱ्यांनी मात्र पायरीखाली टाच नेऊ नये, सपाट जमिनीवरच करावं; खाली गेलं की शीर हाडावर दाबली जाते. बूट ताण कमी करतो, पण शिरेत बळ येतं ते भार पेलूनच.

माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो तो भरतीच्या पोरापोरींसाठी. अपशिंगे मिलिटरीसारखी सैनिकांची गावं असलेल्या या मुलखात पहाटे रस्त्यारस्त्यावर ती धावताना दिसतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, आणि एकेका सेकंदावर गुण. बाजारातून आणलेला पातळ तळव्याचा बूट, खाली डांबर, आणि दुखलं तरी थांबायचं नाही ही जिद्द. त्यांना महागडा बूट घ्या म्हणणं निर्दयपणाचं आहे. पण सराव डांबराऐवजी मैदानावर करा, चढाचे फेरे आठवड्याला थोडे थोडेच वाढवा, तळवा एका बाजूनं झिजला की तो जोड बदला, आणि स्पाइक्स किंवा नवे बूट घेतलेत तर पहिले दोन आठवडे रोजच्या अंतराच्या चौथाईपुरतेच वापरा, एवढं तरी त्यांच्या मास्तरांनी सांगावं. मैदानी चाचणीच्या आठवड्यात नवा बूट काढायचा नाही, हे सगळ्यात आधी.