गुडघ्याची शिकवणी

वीस वर्षे मुलांना “ताठ उभे रहा” म्हणून दरडावले आणि स्वतः मात्र फळ्याशी एकाच पायावर भार टाकून उभा राहिलो. अखेर गुडघ्याने मास्तरांचीच शाळा घेतली! गेल्या भाऊबीजेला पाटाऐवजी खुर्ची मागावी लागली. ओवाळताना ताईचे डोळे भरून आले.

तालमीतल्या वृद्ध वस्तादांनी मला बैठक मारायला लावली. “मास्तर, गुडघा आत पडतोय. पावलाच्या रेषेत ठेवा. बसताना आधी कंबर मागं न्या. सावकाश!” पुढचा धडा शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १९१२ साली, उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानाच्या पायऱ्यांवर झाला : चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा.

दुखणे पुरते पळालेले नाही. पण यंदा ताईने पाट मांडला, आणि मी सावकाश, न कण्हता बसलो.