मामाचं गुपित

२००२ सालची गोष्ट. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. पुण्यात मी ज्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायचो, तिथल्या एका खोलीला अचानक कुलूप लागलं. आत सोडण्याआधी साहेबांनी माझी एका कागदावर सही घेतली. आत जे दिसेल ते बाहेर कुणाला सांगायचं नाही. घरच्यांनासुद्धा नाही!

आत होता इंटेलचा लॅपटॉपसाठीचा नवा प्रोसेसर, अजून बाजारात न आलेला. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या इंजिनिअरांनी तो घडवला होता. टोपणनाव ‘बनियास’. (मला आधी ‘बनियन’च ऐकू आलं!) खरं सांगू? बघण्यासारखं काहीच नव्हतं. एक उघडा बोर्ड, वायरींचं जंजाळ आणि नखाएवढ्या तुकड्यावर ७ कोटी ७० लाख ट्रान्झिस्टर असलेला तो प्रोसेसर तर पंख्याखाली झाकलेला. वेग १.६ गिगाहर्ट्झ. एवढाच? शेजारच्या लॅपटॉपमधला पेंटियम ४ तर २.२ चा होता!

दोन्हींवर आमचा हिशेबाचा प्रोग्रॅम एकदमच सुरू केला. शेजारच्याचा पंखा घरघरतच राहिला आणि बनियासने काम उरकलंसुद्धा. पुन्हा करून पाहिलं. तेच!

गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला पडणारे ठोके. १.६ म्हणजे १६० कोटी. पण एका ठोक्यात काम किती होतं, ते त्या आकड्यावरून कळत नाही. आजोबांचं बोट धरून चालणारं नातवंड आठवा. ते तुरुतुरु दहा पावलं टाकतं, तोवर आजोबांच्या चार ढांगा होतात. पेंटियम ४ तुरुतुरु चालणारा. त्यात तापायचाही फार आणि बॅटरीही खायचा.

भाऊबीजेला ताईकडे गेलो. भावजींनी लॅपटॉपसाठी दोन वर्षं पैसे साठवले होते. आठवीतला भाचा जाहिरात घेऊन धावत आला.

‘‘मामा, हा २.२ चा! याच्याहून भारी नाहीच ना?’’

‘थोडे महिने थांबा’ हे शब्द अगदी ओठांवर आले. पण ती सही आठवली.

‘‘घाई काय आहे?’’ एवढंच मी पुटपुटलो.

‘‘अहो, दिवाळीची सूट संपेल!’’ भावजी म्हणाले. दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घरात आला.

१२ मार्च २००३ ला तो प्रोसेसर ‘पेंटियम एम’ या नावाने जाहीर झाला. पुढच्या रविवारी भाच्याने वर्तमानपत्राचं कात्रण माझ्यापुढे धरलं.

‘‘मामा, तुला माहीत होतं?’’

‘‘हो.’’

तो बराच वेळ गप्प होता. ‘‘आईलापण नाही सांगितलंस?’’

‘‘नाही.’’

त्याने लॅपटॉप उघडला. पंखा घरघरू लागला. आम्ही दोघंही तो आवाज ऐकत बसलो.