सावलीची किंमत

पुण्यातील वारजे येथील स्मृतिवनात नातवाचे बोट धरून फिरणारे आजोबा म्हणतात, ‘‘बाळा, ही टेकडी अगदी बोडकी होती रे!’’ सुमारे ४० एकरांच्या या उजाड जागेवर वन विभाग, संस्था आणि नागरिकांनी मिळून झाडे जगवली. हेच उदाहरण पुढे ठेवून ५ जून २०२० रोजी केंद्राने देशभरात २०० नगर वने उभारण्याची योजना जाहीर केली.

रोपे, कुंपण, देखभाल यांसाठी मिळणारे अनुदान भरपाई वनीकरणाच्या निधीतून येते. दूर कुठे तरी खाण, धरण वा रस्त्यासाठी जंगल गेले, त्याची ही भरपाई. आपल्या सावलीसाठी कुणाची तरी सावली गेलेली असते. मग खाऊचा रिकामा कागद तिथेच टाकताना हात थबकायला नको का?