हिऱ्यांच्या शहरातली तारेची बुगडी

सुरत म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा आठवते ती लूट. १६६४ चा जानेवारी आणि १६७० चा ऑक्टोबर, शाळेच्या पुस्तकापासून डोक्यात बसलेले. दुसरी आठवण साड्यांची, लग्नाच्या बस्त्यात निम्मा माल सुरतेचा असतोच. हिरे तिसऱ्या नंबरावर, कारण आपल्या घरांत अजून सोन्याचीच चलती. बेळगावहून राजस्थानकडे जाणारी गाडी मिरज, पुणे, वसई करत सुरतेला पोचते. भाचीचं सासर तिथं असल्यामुळे यंदा चार दिवस मुक्काम झाला. ‘सुरतचं जेवण आणि काशीचं मरण’ ही म्हण जेवणापुरती तरी खरी आहे, एवढं सांगून मी मुद्द्याकडे वळते.

महिधरपुऱ्याचा हिरेबाजार बघायला तिकीट लागत नाही. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उभ्या स्कूटर, आणि स्कूटरच्या सीटवरच उघडलेल्या कागदी पुड्या. पुडीत मोहरीएवढे हिरे. माणसं चिमट्यानं एकेक उचलतात, डोळ्याला भिंग लावतात, भाव बोलतात, पुडी मिटून खिशात टाकतात. शहराबाहेर खजोदला डिसेंबर २०२३ मध्ये ‘सुरत डायमंड बोर्स’ नावाची अवाढव्य इमारत उभी राहिली, पंतप्रधानांनी तिचं उद्‌घाटन केलं, तरी हा रस्ता काही ओस पडलेला नाही. आपल्या रविवार पेठेतला दलाल मिरचीचा वाण ज्या सहजतेनं हातात घेतो, तीच सहजता इथं हिऱ्याच्या बाबतीत.

हिरे घासणाऱ्या कामगाराला गुजरातीत ‘रत्नकलाकार’ म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. हे कलाकार एका गोल फिरत्या घंटीभोवती बसतात. घंटीवर तेलात कालवलेली हिऱ्याचीच पूड असते, कारण हिऱ्याला दुसरं काही चरत नाही. गोल हिऱ्याला ५७ पैलू, खालचं टोक घासलं तर ५८. यातले बहुतेक जण कुठल्याही शाळेत हे शिकलेले नाहीत. काका किंवा मोठा भाऊ यांच्या शेजारी बसायचं, हात बघायचा, मग आपला हात घालायचा. २०२४ मध्ये राज्यसभेवर गेलेले गोविंदभाई ढोलकिया १९६४ साली अमरेली जिल्ह्यातल्या दुधाळा गावाहून सुरतेला आले, तेही हिरे घासायलाच. शिकवणारी संस्था नाही असं नव्हे. ‘इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट’ १९७८ पासून आहे. पण शहर उभं राहिलं ते बघून बघून शिकलेल्यांच्या हातावर.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जाईना. या कलाकारानं स्वतःची म्हणून काही कला दाखवली तर हिरा वाया जातो. पैलू ठरलेले, कोन ठरलेले, मजुरी नगावर. अचूकपणा हीच इथली कला, आणि ती थोर आहे यात शंका नाही. पण घासलेल्या दगडावर कुणाचं नाव नसतं. काम बंद पडलं की कारागिराजवळ काय उरतं? २०२२ नंतर या धंद्याला उतार लागला. रशियाच्या कच्च्या मालावर निर्बंध, चीनची मागणी थंड, प्रयोगशाळेत पिकवलेल्या हिऱ्यांचे कोसळलेले भाव. ऑगस्ट २०२४ मध्ये एका बड्या कंपनीनं आपल्या पन्नास हजार कामगारांना दहा दिवस सुट्टीवर पाठवलं. पुढच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं पन्नास टक्के कर लावला.

हे सगळं मला ज्या घरात कळलं ते घर लिंबायतमध्ये आहे. लिंबायत, उधना, डिंडोली हा सुरतेचा मराठी भाग. भुसावळ-नंदुरबारकडून तापीच्या काठानं येणाऱ्या रेल्वेनं खानदेशातली माणसं इथं मागावर कामाला आली आणि राहिली. रस्त्यानं अहिराणी कानावर पडते, किराणा दुकानात गुजराती, रिक्षात हिंदी. महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांतही चालतात. भाषेवरून एसटीच्या काचा फुटताना पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून दोन मिनिटं गप्प बसावंसं वाटेल. मला वाटलं.

भाचीची ही मैत्रीण पस्तिशीतली. नाव देत नाही, तिला ते आवडायचं नाही. तिचा भाऊ हिऱ्याच्या कारखान्यात होता, आता महिन्यातले निम्मे दिवस घरी असतो. ती स्वतः दागिने घडवते. सोनाराच्या घरची नाही, कोर्स केलेला नाही. आपल्याकडे दागिना म्हणजे पत्तारांच्या घरचं काम, आणि तिथंही मी तरी पाहिलं ते असं की बायका पोत ओवायच्या, फुंकणी पुरुषांच्या हाती. इथं स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून एक फळी, फळीवर छोटी ऐरण, कानस, चिमटे, आगीला विटेचा तुकडा. फुंकणी तिच्याच हातात.

सुरुवात मोडण्यातून झाली. आईच्या तुटलेल्या झुमक्याचे तिनं सगळे भाग सुटे केले आणि परत जोडायला बसली. जोडलं गेलं नाही, वितळलं. चांदी साधारण ९६० अंशांना वितळते. डाख, म्हणजे जोडणीचा मिश्रधातू, त्याआधीच पातळ व्हायला हवा, आणि तो नेहमी जिकडे जास्त ताप तिकडे पळतो. म्हणून सांध्यावर ज्योत धरायची नसते, आधी सगळा दागिना सारखा तापवायचा. टाकणखार कधी फुगतो, कधी काचेसारखा बसतो, चांदीचा रंग कधी मंद लाल होतो, हे तिनं दिवा मालवून, अंधारात बघून शिकून घेतलं. ‘दिवसा कळत नाही ताई, उजेड फसवतो,’ ती म्हणाली. काळवंडलेला दागिना उजळायला मात्र चिंच आणि रिठे. ते तिला कुणी शिकवावं लागलं नाही, घरातली पितळेची भांडी आयुष्यभर तशीच घासली होती.

सुरतेची आणखी एक देणगी तिच्या कामात आहे, ती जरीची. जरीच्या कारखान्यात धातूची तार जंतराच्या बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ओढतात, चपटी करतात, त्याचा ‘बादला’ होतो, तो रेशमावर गुंडाळला की कसब. येवल्याच्या पैठणीत ही सुरतेची जर असते, म्हणजे आपल्यापैकी अनेकींच्या कपाटात सुरत आधीच येऊन बसली आहे. भरतकामासाठी याच धातूच्या टिक्या आणि सलमा होतात. कारखान्यात तुकडे उरतात, ते ती वजनावर आणते. चांदी २०२५ मध्ये किलोला लाखाच्या पुढे गेली आणि वर्ष सरायच्या आत दोन लाखांच्याही. तेव्हापासून हे तुकडे, तांबं आणि थोडी चांदी अशी सांगड ती घालते. तिचे कानातले हलके असतात, आणि कुठलेही दोन अगदी सारखे नसतात.

तिनं केलेल्या बुगड्या पाहून मी हरखले. कान न टोचता वरच्या पाळीवर नुसती अडकवायची तारेची बुगडी. दिसायला सोपी. पण अडकून राहायची तर तारेत ताण हवा. जंतरातून ओढलेली तार कडक असते, आगीत गेली की मऊ पडते. पहिल्या तिन्ही बुगड्या कानावरून घसरल्या, कारण मोती बसवण्यासाठी डाख दिला तेव्हा तारेचा कडकपणा गेला होता. चौथ्या वेळी तिनं जोडकाम आधी उरकून घेतलं, मग तारेचा पाय ऐरणीवर हलक्या हातानं ठोकून पुन्हा कडक केला. बुगडी बसली. ही युक्ती जुन्या सोनारांना ठाऊक असणारच, पण तिला ती कुणी दिलेली नव्हती.

चौटा बाजारातला एक व्यापारी या बुगडीवर लुब्ध झाला. त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं. एक नमुना दे, एकरकमी पैसे घे. त्याचा रबराचा साचा करायचा, मेणाच्या प्रती काढायच्या, हवे तेवढे नग ओतून घ्यायचे. घरात भाऊ निम्मा महिना बसून, त्याच्या दोन मुलांची फी थकलेली. भाऊच म्हणाला, देऊन टाक. ती दोन रात्री झोपली नाही. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला पानाच्या आकाराचे एक लोंबते कानातले दिले, साच्यासाठी, आणि पैसे घेतले. बुगडी दिली नाही. ‘ओतीव तार मऊ येते. दिसायला तशीच दिसेल, पण कानावर राहायची नाही. लोक म्हणतील, हिचीच बुगडी घसरते.’ भावाला हे पटलं का, विचारलं. तो बाजूलाच बसला होता. हसला आणि म्हणाला, ‘फी भरली गेली ना.’ सध्या रिकाम्या दिवसांत तो तिच्यासाठी तार ओढतो. वर्षानुवर्षं भिंगातून बघितलेला डोळा, त्याला सांध्यातली केसभर फट दिसते. ती त्याला नगावर पैसे देते, रोख.

किंमत काढायची तिची रीत मला फार आवडली. आपण बायका दुकानात गेलो की पहिला प्रश्न, वजन किती? घडणावळ म्हणजे आपल्या लेखी सोनारानं उगाच लावलेला आकार, घासाघीस करायची ती त्यावरच. ती प्रत्येक डबीत एक चिठ्ठी घालते. चिठ्ठीवर दोन ओळी. पहिल्या ओळीत धातू, ग्रॅमसकट. दुसऱ्या ओळीत ‘हात’, आणि किती वेळ लागला ते. माझ्या बुगडीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : हात, दोन संध्याकाळी. मी घासाघीस केली नाही.

निघताना तिनं विचारलं, तुमच्याकडे कानडीत हिला काय म्हणतात? बुगुडी, मी म्हटलं. तिला नवल वाटलं, एवढाच फरक? मग वाकीला वंकी म्हणतात तेही सांगितलं. तिनं दोन्ही शब्द भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवले, आणि वंकी कशी दिसते ते काढून दाखवा म्हणून पेन्सिल माझ्या हातात दिली.