माझ्या ड्रमरला तीन हात

गिटारवर मला चार कॉर्ड येतात. तेवढ्या भांडवलावर मी एक गाणं रचलं आणि ते घरीच रेकॉर्ड करायला घेतलं. मागे ड्रम हवे होते. खरा ड्रमसेट आमच्या दोन खोल्यांत कसाबसा मावला असता, सोसायटीत मावला नसता. मग कळलं, खऱ्या ड्रमचा एकेक आघात स्टुडिओत टिपून त्यांचा संच सॉफ्टवेअर म्हणून मिळतो. घ्यायचं तर सगळ्यांत भारी, म्हणून ‘सुपिरिअर ड्रमर ३’ची माहिती वाचली. नुसते कच्चे आवाजच २३० जीबीहून जास्त! माझ्या लॅपटॉपची एकूण जागा २५६ जीबी. ड्रम राहायला आले असते, पण विंडोजला घर सोडावं लागलं असतं.

मग ‘एमटी पॉवर ड्रमकिट २’ हे फुकटातलं उतरवून घेतलं. फाइलवर दोनदा टिचकी मारली, काही नाही. दहादा मारली, तरी नाही. संध्याकाळी उलगडा झाला की हे ‘प्लगइन’ आहे. माझ्या भाषेत पोटभाडेकरू. त्याला राहायला दुसरं, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लागतं, त्या सॉफ्टवेअरला ‘डॉ’ म्हणतात. मी ‘रीपर’ घेतलं, ते ६० दिवस वापरून बघता येतं. म्हणजे दिवसभर मी घर नसलेल्या माणसाची बेल वाजवत होतो.

छोटा मिडी कीबोर्ड जोडला. पट्टी दाबली की ‘धप्’ यायचं, पण जरा थांबून. वाटलं, वयोमानाने आपलाच हात मागे पडतोय. दोष ‘लेटन्सी’चा, म्हणजे दिरंगाईचा होता. संगणक आवाज सुटा सुटा देत नाही, ओंजळ भरली की देतो. या ओंजळीला ‘बफर’ म्हणतात. माझी ओंजळ १०२४ नमुन्यांची होती. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे नुसती ओंजळ भरायलाच सुमारे २३ मिलिसेकंद. ती १२८ वर आणली तर जेमतेम ३. आणली, आणि दिरंगाई गेली. माझा हात तरीही मागेच पडत होता.

म्हणून हाताने वाजवणं सोडून माउसने ठेका लिहायला बसलो. मिडीमध्ये आवाज नसतोच, नुसते हुकूम असतात. ३६ म्हणजे पायाचा मोठा ड्रम, ३८ म्हणजे काठीने वाजवायचा छोटा ड्रम, स्नेअर, ४२ म्हणजे बंद हाय-हॅट, पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांची जोडी. शिवाय प्रत्येक आघाताला १ ते १२७ ‘व्हेलॉसिटी’. याचं भाषांतर मी ‘आघाताचं वजन’ असं केलं. कंजुषी नको म्हणून सगळीकडे १२७ ठेवलं. बायको आतून म्हणाली, “गाणं नंतर करा, आधी खिळा ठोकून घ्या.”

मोठी मोठी सॉफ्टवेअर एवढी जागा का खातात, ते तेव्हा डोक्यात शिरलं. हळू मारलेला स्नेअर हा जोरात मारलेल्या स्नेअरचा आवाज कमी करून मिळत नाही. त्याचा रंगच वेगळा असतो, म्हणून प्रत्येक वजनाचे वेगळे आघात टिपतात. त्यातही एकाच वजनाचे अनेक, आणि ते आलटून-पालटून वाजतात. ही परीक्षा मग मी प्रत्येक सॉफ्टवेअरची घेऊ लागलो. एकच स्नेअर हळूपासून जोरात वाजवायचा. नुसता आवाज वाढला तर नापास. याच कसोटीवर माझी गिटार तपासली आणि मीही नापास झालो.

तयार ठेकेही चाळले. बहुतेक चार मात्रांचे. माझं गाणं सहा मात्रांचं, दादऱ्याच्या अंगाचं. चारात सहा कोंबायचा प्रयत्न दोन रात्री केला. तिसऱ्या रात्री स्वतः लिहिलं आणि अभिमानाने भाच्याला ऐकवलं. तो कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. त्याने पडद्याकडे पाहून विचारलं, “मामा, तुमच्या ड्रमरला हात किती?” मी हाय-हॅट, स्नेअर आणि क्रॅश नावाची मोठी झांज, तिन्ही एकाच क्षणी लिहिले होते. शिवाय हाय-हॅट एकाच वेळी उघडीही आणि बंदही. “क्रॅश मारताना हाय-हॅटवरचा हात उचलावा लागतो. तिथला ठोका पुसून टाका.”

पुसला, आघातांची वजनंही कमी-जास्त केली. खिळे ठोकणं थांबलं आणि कुणीतरी बसून वाजवतंय असं पहिल्यांदा वाटलं. महिनाभर मी सॉफ्टवेअर निवडत होतो, पण स्टुलावर बसलेल्या माणसाचा विचार एकदाही केला नव्हता. फुकटातलं तेच ठेवलं. दोन हात, दोन पाय समजेपर्यंत मला २३० जीबी पचणार नाहीत.

आता प्रत्येक ओळ आधी हवेत वाजवून बघतो. परवा बँकेच्या रांगेत उजवा पाय ठेक्यावर आपटत होतो. रखवालदाराने मुकाट्याने खुर्ची आणून दिली.