चूक कळते, मग बोट का थांबत नाही?

बायको कर्करोगाने मरणाच्या दारात आहे, औषध एकाच दुकानदाराकडे आहे आणि तो अवाच्या सवा किंमत मागतो. नवऱ्याने औषध चोरावं का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांनी मुलांची नैतिक समज जोखायला हा प्रश्न वापरला. त्यांचा मूळ अभ्यास फक्त मुलग्यांवर बेतलेला होता. त्यावर कॅरोल गिलिगन यांनी १९८२च्या पुस्तकात बोट ठेवलं. त्यात अकरा वर्षांचा जेक सांगतो, चोरावं, पैशापेक्षा जीव मोठा. त्याच वयाच्या एमीला वाटतं, नवरा तुरुंगात गेला तर बायकोकडे कोण बघणार? बोलून मार्ग काढावा. कोहलबर्ग यांच्या मापाने एमी मागे पडते. पुढे २००० साली अनेक अभ्यास एकत्र ताडून पाहिले, तेव्हा मुलामुलींतला हा फरक लहानच निघाला.

मी शिकवते त्या नववीच्या वर्गातही मुलामुलींच्या समजेत फारसा फरक दिसला नाही. मी विचारलं: एखाद्या मुलीचा फोटो तिला न विचारता ग्रुपवर फिरला तर? सगळे एका सुरात म्हणाले, चूक. ग्रुपवर तसं लिहाल का? मुलांच्या बाकांवर शांतता. शेवटी एकजण म्हणाला, "मॅडम, लिहिलं की 'आला मोठा शहाणा' म्हणतात, वर तिच्या नावाने चिडवतात." मुली म्हणाल्या, आम्ही तिला गुपचूप मेसेज करू, सावध करू. मात्र एकीला वगळून नवा ग्रुप काढण्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. "तिला काही बोललो थोडंच?"

म्हणजे असा फोटो फिरवणं चूक आहे, हे मुलगे आणि मुली दोघांनाही कळतं. दोघांचाही पाय अडतो तो आपल्या कळपात एकटं पडण्याच्या भीतीने. दिल्लीतल्या 'बॉइज लॉकर रूम' या इन्स्टाग्राम ग्रुपवर शाळकरी मुलं अल्पवयीन मुलींच्या फोटोंवर घाणेरडे शेरे मारत असल्याचं मे २०२०मध्ये उघड झालं. त्यातल्या एकालाही हे वाईट आहे हे ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

इथे आपला, मोठ्यांचा वाटा येतो. मुलीला आपण सतत बजावतो: फोटो टाकू नकोस, अनोळखी माणसाशी बोलू नकोस, अकाउंट प्रायव्हेट ठेव. काही घडलंच तर पहिला फोन तिचाच काढून घेतो. म्हणून ती घरी सांगत नाही. मुलाला मात्र 'दुसऱ्याचा फोटो पुढे पाठवू नकोस' हे एकदाही सांगत नाही, आणि त्याने पाठवलाच तर 'वयच असं असतं' म्हणून पांघरूण घालतो. तिला जपायला शिकवतो ते स्वतःला, त्याला कुणालाच जपायला शिकवत नाही. यालाच आपण संस्कार म्हणत आलो.

मुलामुलींना वेगवेगळे धडे नकोत. दोघांनाही एकच प्रश्न विचारायला हवा: ग्रुपवर कुणाची तरी अब्रू निघत होती, तेव्हा तू काय केलंस? कुणीतरी एकाने 'डिलीट कर' लिहिलं की दुसऱ्याला लिहायला बळ येतं. तो पहिला एकजण घरातून घडून यावा लागतो, आणि ती जबाबदारी आपली आहे.